बाकीचे बारा

आमच्या सर्व्हरच्या पडद्यावर, वरच्या कोपऱ्यात, एक आकडा दिसायचा. मशीनमध्ये या घडीला किती कामं आहेत, त्याचा तो आकडा. जवळजवळ दोन वर्षं मी त्याच्या धाकात नोकरी केली. तो वाढला की माझं डोकं तापायचं, उतरला की घास गोड लागायचा. आणि एक दिवस असा आला की त्याच पडद्यापुढं बसून, बाबा रे, आणखी कमी होऊ नकोस, एवढीच विनवणी मी करत होते.

कारखाना मुरबाडच्या एमआयडीसीतला. पत्र्याचे भाग प्रेसवर दाबून काढायचे, पॅकिंगमध्ये मोजून खोक्यांत भरायचे आणि ट्रकनं पाठवून द्यायचे, एवढं काम. नव्वदीची शेवटची वर्षं होती. मी शहापूरची. बाबा आसनगावहून कल्याणला जायचे, भाऊही त्याच वाटेला लागलेला; मी मात्र सकाळची एसटी पकडून किन्हवलीवरून मुरबाडला. आई म्हणायची, सगळं गाव पश्चिमेला तोंड करून निघतं आणि आमची बाय पूर्वेला. मी म्हणायचे, मला बसायला खिडकी मिळते, तुमच्या लेकाला मिळते का?

माझ्या नाकावर राग असतो. हे मी लपवत नाही, लपवून लपतही नाही. कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा वाटलं होतं, बरं झालं, मशीनशी काम, माणसांशी बोलायला नको. पण झालं उलटंच. साहेबांची केबिन सोडली तर एसी फक्त आमच्या खोलीला होता, तोही मशीनसाठी, माझ्यासाठी नाही. त्यामुळं मे महिन्यात सगळ्या खात्यांना माझी आठवण यायची.

सर्व्हर म्हणजे कपाटाच्या खालच्या कप्प्याएवढं एक काळं खोकं. त्याला कारखानाभर सात पडदे जोडलेले: डिस्पॅच, स्टोअर, टाइम ऑफिस वगैरे. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं, माउस नाही की चित्र नाही. कुणीही आपल्या टेबलावरून छापायचा हुकूम सोडला की कागद लगेच निघत नसे. तो आधी रांगेत उभा राही, रेशनच्या दुकानासारखा, आणि पुढच्याचं झालं की याचा नंबर. मोठा प्रिंटर माझ्या खोलीच्या दाराशी होता. दुसरा एक स्टोअरच्या गोडाऊनमध्ये होता, पण त्याच्या डोक्यावर पत्र्यातून पाणी गळलं आणि तेव्हापासून तो मेला तो मेलाच. त्याची वेगळी रांग मात्र मशीनमध्ये तशीच राहिली होती. ती काढून टाकायची कशी, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

शिकवलं कुणी काही नव्हतंच म्हणा. माझ्या आधीच्या ऑपरेटरनं आठ दिवसांत सगळं दाखवलं आणि तो चांगली नोकरी मिळाली म्हणून पुण्याला पळाला. जाताना त्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाला, हा शंभराच्या वर गेला की मशीन दमलं समजायचं, वर जाऊ द्यायचा नाही. बस्स. तो आकडा म्हणजे नेमकं काय, ते त्यालाही ठाऊक नसावं. पण मी ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. आकडा दीडशे, दोनशे, कधी तीनशेच्या घरात जायचा. मशीन काही हळू चालायचं नाही, पण माझी छाती धडधडायची. मग मी खात्याखात्यात फोन करून ओरडायचे, तुमचे कागद घेऊन जा, रांग तुंबवू नका, मशीनचा जीव घेणार आहात का? डिस्पॅचवाले मला मागून 'झेंडू बाम' म्हणायचे, असं नंतर कळलं. माझ्यामुळं त्यांची डोकी दुखायची म्हणून.

आता मावशीचं सांगते, कारण ही गोष्ट तिची आहे.

पॅकिंगमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली दहा-बारा बाया होत्या. त्यांतली ही सगळ्यांत जुनी, नऊ वर्षं झालेली. सगळा कारखाना तिला मावशी म्हणायचा, साहेबसुद्धा. धसईच्या अलीकडचं एक गाव, तिथून ती पहाटेच्या एसटीनं यायची. नवरा गेलेला, एक मुलगी मुरबाडला वसतिगृहात शिकायला. हात असा चालायचा की खोक्यात भाग पडताना दिसायचे, हात दिसायचा नाही. पण ठेक्यावरच्या माणसाला रोज सकाळी गेटाबाहेर उभं राहायला लागायचं. सुपरवायझर येणार, बोट दाखवणार, तू आत ये, तू ये, तू आज घरी जा. नऊ वर्षं हिनं ते बोट बघितलं होतं. तिला कायम व्हायचं होतं ते एवढ्यासाठी. मला एकदा म्हणाली होती, गळ्यात फोटूचं कार्ड असलं ना बाय, की गेटावर उभं राहायला लागत नाय, सरळ आत.

कायम व्हायचं तर वर्षात दोनशे चाळीस दिवस भरलेले दाखवायला लागत, निदान आमच्याकडं तरी तसंच होतं. ठेकेदार हुशार, दोनशेच्या आसपास आला की माणसाला काहीतरी कारण काढून घरी बसवायचा. हिचा हात चलाख म्हणून पॅकिंगचा सुपरवायझर हिला सोडत नव्हता, त्यामुळं त्या वर्षी ही एकटीच काठावर आली होती. तिच्याकडं हिशोब होता तोही तिच्या पद्धतीचा. रोजच्या सकाळच्या एसटीचं तिकीट ती घरी एका तारेत ओवून ठेवायची. ती तार घेऊन ती पर्सोनेलच्या साहेबांकडं गेली, तर साहेब हसले. म्हणाले, मावशी, तिकिटावरून तुम्ही गाडीत बसलात हे कळतं, कामावर आलात हे नाही कळत. हजेरीचा छापील कागद आणा.

हजेरीचा कागद माझ्याकडं होता. म्हणजे रांगेत होता. मार्च संपला की टाइम ऑफिस वर्षाच्या बारा महिन्यांच्या बारा याद्या काढायचं आणि मग मशीनमधून जुनी हजेरी पुसून नव्या वर्षाला जागा करायचं. त्या याद्या तीन प्रतींच्या रुंद कागदावर छापायचा नियम होता आणि तो कागद स्टोअरमध्ये संपला होता. खरेदीवाले म्हणायचे, येतोय. येतोय येतोय म्हणता एप्रिल गेला. मावशी जेवणाच्या सुट्टीत दाराशी यायची. चपला बाहेर काढून उभी राहायची, खोलीत देव बसवल्यासारखी.

"माजा कागुद काडून दे ना गो बाय."

मी म्हणायचे, रांगेत आहे मावशी, तीन प्रतींचा कागद आला की निघेल. मेमध्ये आली, जूनमध्ये आली. पावसाळ्याच्या शेवटी एकदा आली तेव्हा डिस्पॅचचे तिघं माझ्या टेबलाभोवती उभे होते, ट्रक बाहेर खोळंबलेला, आणि माझं पित्त खवळलेलं. मी तिला म्हणाले, मावशी, सारखं सारखं काय विचारायचं, मी काय कागद खाऊन टाकणार आहे का? ती चपला घालून गेली. त्यानंतर आलीच नाही. मला त्या दिवशी संध्याकाळी एसटीत वाईट वाटलं, पण सकाळपर्यंत विसरले. जिभेला हाड नसतं आणि रागाला आठवण नसते.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी प्रेस बंद. सकाळी सगळ्यांनी आपापली मशीन घासून पुसून काढायची, दुपारी झेंडूची तोरणं, हळदकुंकू, नारळ, पेढे, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. मी पूजा करत नाही. आमच्या घरी दसऱ्याला पांढरं नेसून विहारात जायचं असतं. पहिल्या वर्षी साहेबांनी विचारलं तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, हार मी घालणार नाही, पण सफाईत कुणाच्या मागं राहणार नाही. त्यांनी मान डोलावली, विषय संपला. आणि मग माझी ईर्ष्याच झाली त्या सफाईची. पूजा न करणारीचं मशीन सगळ्यांत लखलखीत दिसलं पाहिजे.

त्या वर्षी मी सर्व्हर पुसला, केबली पुसल्या, एसीची जाळी धुतली, प्रिंटरच्या पोटातून कागदाचा भुसा काढला. तेवढ्यात प्रेसचा फोरमन आला. वयस्क माणूस, टोमणे मारायची हौस. म्हणाला, "मॅडम, वरून काय पुसता? आमी प्रेसच्या पोटातून बादलीभर घाण काडली. तुमच्या मशीनच्या पोटात काय हाय ते बघितलं का कधी?"

लागलं मला ते. पडद्यावर आकडा होता दोनशे ऐंशीच्या वर. मनात म्हटलं, आहे ना घाण, हीच ती. महिनोन्महिने रांगेत सडलेले कागद, ज्यांना कुणी वाली नाही. थांबा, दाखवतेच तुम्हाला साफ पोट कसं असतं. आणि मोठ्या प्रिंटरची अख्खी रांग मी एका हुकुमानं पुसून टाकली. मशीननं विचारलं होतं, नक्की का? मी म्हटलं, नक्की. आकडा धडाधड खाली आला आणि एकोणसाठवर थांबला. दोन वर्षांत मी त्याला इतका खाली पाहिला नव्हता. मला इतकं हलकं वाटलं की मी फोरमनला बोलावून दाखवला. त्याला काय कळणार, पण वा वा म्हणाला.

पेढे वाटून झाले आणि टाइम ऑफिसचा क्लार्क दाराशी आला. त्याच्या मागं मावशी. क्लार्क म्हणाला, मावशीची हजेरी काढून द्या, कायम करायच्या लोकांची यादी परवा सकाळी मुंबईच्या ऑफिसला जाणार आहे, साहेबांनी आजच कागद मागितलाय. साधा कागद असला तरी चालेल म्हणाले.

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला.

मी म्हटलं, कार्डं असतील ना तुमच्याकडं, गेटावर पंच केलेली? तर तो खाली बघायला लागला. टाइम ऑफिसचीही सफाई झाली होती. माळ्यावरच्या जुन्या कार्डांच्या गठ्ठ्यांना वाळवी लागलेली, त्यांनी सकाळी कंपाउंडच्या कोपऱ्यात त्यांची होळी केली. अजून धूर निघत होता तिथून. म्हणजे मशीनमधली मूळ हजेरी एप्रिलमध्ये पुसलेली, कार्डं सकाळी जाळलेली, आणि राहिलेला एकुलता एक कागद मी पोट साफ करायच्या नादात दोन तासांपूर्वी फेकलेला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं बैल दुसऱ्याचा होता.

खोटं बोलायचं मनात आलं नाही असं नाही. प्रिंटर बिघडलाय म्हणायचं, दसऱ्यानंतर बघू म्हणायचं. पण मावशी चपला काढून उंबऱ्यावर उभी होती आणि माझं तोंड बघत होती. मी सांगून टाकलं. म्हटलं, मावशी, मी रांग पुसली. त्यात तुझा कागद गेला.

ती ओरडली नाही. रडेल असं वाटलं होतं, तर रडलीही नाही.

"सहा महिनं मी मागत व्हते," ती म्हणाली. "तू मला बोललीस, मी काय कागुद खानार हाय का. खाल्लास ना गो."

एवढं बोलून ती खाली बसली, दाराशीच, भिंतीला टेकून. क्लार्क पळाला. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले तरी असते.

मी ठाण्याला फोन लावला. मशीनची दुरुस्ती ज्यांच्याकडं होती तिथला इंजिनिअर, वर्षातून दोनदा यायचा, सावकाश बोलणारा माणूस. टेलिफोन ऑपरेटरनं तीन वेळा लावला तेव्हा लागला. ते लोक दसऱ्यासाठी निघायच्या तयारीत होते. मी आधी त्याच्यावरच बरसले. असं कसं तुमचं मशीन, एका हुकुमात सगळं पुसून टाकतं, परत आणा ते. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, पुसलेलं परत येत नाही. मी म्हटलं, टेपवर? रोज संध्याकाळी मी टेपवर सगळं उतरवते. तर म्हणाला, टेपवर तुमचा डाटा जातो, छपाईची रांग जात नाही. आणि मार्चच्या टेपा तुम्ही पुन्हा वापरल्या असणार. वापरल्या होत्या. त्याच सहा टेपा फिरवून फिरवून.

मी म्हटलं, मग त्या बाईला मी काय सांगू? मग त्यानं विचारलं, सफाई कशासाठी केलीत? मी आकड्याचं सांगितलं. शंभराच्या वर जाऊ द्यायचा नाही, मशीन दमतं.

तो हसला. कुचकट नाही, पण हसला. म्हणाला, कुणी सांगितलं हे? त्या आकड्यात तीन जातीची कामं असतात. काही खरोखर चालू असतात. काही आपला नंबर यायची वाट बघतात. आणि उरलेली कधीच संपलेली असतात. त्यांचं चालणं थांबलंय, मशीनला त्यांचा काडीचा भार नाही, फक्त त्यांचा कागद कुठल्यातरी छपाईच्या रांगेत पडून आहे म्हणून मशीन त्यांचं नाव खोडत नाही. कागद निघाला किंवा पुसला की नाव गेलं. तुमच्या तीनशेतली अडीचशे कामं तसली होती. ती असली काय आणि नसली काय.

दोन वर्षं मी ज्याच्यासाठी जगाशी भांडले त्याची ही किंमत. पण तेव्हा मला लाजायलाही सवड नव्हती. त्यानं एक हुकूम सांगितला, नुसती चालू आणि वाट बघणारी कामं दाखवणारा. मी टाइप केला. पडद्यावर यादी आली, खाली बेरीज.

"आता किती दिसतात?"

"सत्तेचाळीस."

"आणि कोपऱ्यातला आकडा?"

"एकोणसाठ."

"मग मॅडम," तो म्हणाला, "बाकीचे बारा कोण?"

बारा. मशीननं ज्यांचं नाव खोडलं नव्हतं असे बारा. मी मोठ्या प्रिंटरची रांग पुसली होती, पण बारा कामांचे कागद अजून कुठंतरी पडलेले होते, नाहीतर आकडा सत्तेचाळीसच असता. बारा महिन्यांच्या बारा याद्या. मी मनातल्या मनात त्या आकड्याला म्हणाले, आता हलू नकोस. तसाच राहा.

संपलेली पण कागद राहिलेली कामं दाखवणारा हुकूम त्यानं सांगितला. तो टाइप करताना मी दोनदा चुकले. तिसऱ्यांदा यादी आली. बारा ओळी, एकाखाली एक, टाइम ऑफिसच्या नावानं, एप्रिलच्या तारखेच्या. आणि पुढं रांगेचं नाव: स्टोअर.

तेव्हा मला आठवलं. एप्रिलमधली एक दुपार. त्या बारा याद्या रांगेत सगळ्यांच्या पुढं, आणि प्रिंटर दर वेळी थांबून विचारायचा, तीन प्रतींचा कागद लावा. मागं ट्रकची चलनं अडकलेली, डिस्पॅचवाले डोक्यावर. मी वैतागून त्या बाराही याद्या उचलल्या आणि गोडाऊनमधल्या मेलेल्या प्रिंटरच्या रांगेत नेऊन टाकल्या. जा, तिकडं मरा, असं तोंडानं म्हणालेही होते. आणि साफ विसरले. सहा महिने मी मावशीला रांगेत आहे, रांगेत आहे सांगत होते, ते खोटं नव्हतं. फक्त रांग कुठली ते मला माहीत नव्हतं. माझ्या शहाणपणानं जे घालवलं असतं ते माझ्या रागानं वाचवलं. रागाचा एवढा उपयोग मला आयुष्यात दुसऱ्यांदा झाला नाही.

इंजिनिअर म्हणाला, तीन प्रती नकोत ना, मग कागदाच्या नावाच्या जागी साधा लिहा आणि मोठ्या प्रिंटरकडं वळवा. झालं? मी म्हटलं, झालं. एवढंच होतं ते. एक शब्द बदलायचा. मेमध्ये, जूनमध्ये, पावसात ती चपला काढून उभी होती तेव्हा, कधीही करता आलं असतं. नियम तीन प्रतींचा म्हणून मी कुणाला विचारलंसुद्धा नाही. मी त्याला थँक्यू म्हटलं. तो म्हणाला, दसऱ्याच्या शुभेच्छा, आणि फोन ठेवला.

प्रिंटर कर्रकर्र करत सुरू झाला. मावशी त्या आवाजानं उठून उभी राहिली. मी म्हटलं, मावशी, सापडला, तुझा कागद सापडला. आणि तिथंच, तिच्यासमोर, मी खुर्चीत बसून ढसाढसा रडले. बाहेर फोरमन, हातात नारळाची वाटी, बघतच राहिला. रडायचं तिनं तर रडत होते मी. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही की काही नाही. तिचं लक्ष कागदाकडं होतं.

पण कागद मिळून भागणार नव्हतं, दिवस भरायला हवे होते. आणि आता मावशीच घाबरली. पिशवीतून तिनं ती तिकिटांची तार काढली. सुट्टीला घरी आलेल्या लेकीनं तिकिटं मोजली होती, ती दोनशे अडतीस भरली होती. दोन कमी. तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. साहेब तिकिटांना हसले तेव्हा एका परीनं ती सुटलीच होती. सहा महिने ती कागद मागत होती आणि त्या कागदात काय निघेल याला भीतही होती.

मी तिला बसायला खुर्ची दिली. बारा कागद टेबलावर पसरले, तिच्या नावाच्या ओळीवर पट्टी ठेवली आणि एकेका महिन्याचे दिवस मोठ्यानं वाचत बेरीज करत गेले. एप्रिल, मे, जून. ती ओठ हलवत माझ्याबरोबर मोजत होती. ऑगस्टला मी थांबले, पुन्हा बघितलं, पुढं गेले. मार्चची बेरीज झाली तेव्हा मी आधी खालून वर एकदा मोजून घेतलं. पुन्हा चूक करायची माझी छाती नव्हती.

"दोनशे एक्केचाळीस," मी म्हटलं.

"नाय गो," ती म्हणाली. "तिकटं तर अडतीस."

तिला वाटलं मी तिचं मन राखायला तीन वाढवले. मी तिला ऑगस्टची ओळ दाखवली. तिच्या तारेवर ऑगस्टची तिकिटं एकोणीस होती, कागदावर हजेरी बावीस. तीन दिवस एसटीचं तिकीट नाही, पण गेटावर कार्ड पंच झालेलं. ती ओळीकडं बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू उजळला.

"फरशीवरनं पानी गेलं व्हतं," ती म्हणाली. "गाडी बंद. मी चालत आल्ते."

नदीचं पाणी फरशीवर, म्हणजे बुटक्या पुलावर, चढलं की त्यांच्याकडची गाडी बंद पडायची. ती डोंगराच्या अंगानं वळसा घालून, बांधाबांधानं, तीन तास चालत कामावर आली होती. तीन दिवस. चाललेल्या वाटेचं तिकीट कोण देणार? तिनं स्वतःसुद्धा ते दिवस मोजले नव्हते. मशीननं मोजले होते. आता ती रडली, आणि मीही पुन्हा. क्लार्क आला होता कागद न्यायला, त्यानं बिचाऱ्यानं दोघींना पेढा देऊ केला.

कागद साहेबांकडं गेला, साहेबांनी सही केली, परवाच्या यादीत तिचं नाव लागलं. पोचवायला मी स्वतः गेले, क्लार्कच्या हातात देऊन विश्वास ठेवायला मी तयार नव्हते. परत आले तर आकडा सत्तेचाळीस झाला होता. मशीननं बाराही नावं खोडली होती, त्यांचं काम संपलं होतं. संध्याकाळच्या एसटीत मी खिडकीशी बसले आणि किन्हवली यायच्या आत झोपले. आई म्हणाली, आज कुणाशी भांडली नाहीस वाटतं.

पुढच्या खंडेनवमीला मी सफाई वरूनच केली. आकडा तीनशे दहा होता. असू दे म्हटलं. फोरमन पुन्हा पोटाचं काहीतरी बोलला, मी त्याला म्हटलं, काका, तुमचं तुम्ही बघा. मग कसल्यातरी कामाला स्टोअरच्या गोडाऊनमध्ये गेले, तर त्या मेलेल्या प्रिंटरवरची धूळ कुणीतरी पुसलेली, वर झेंडूचा हार, हळदकुंकू, आणि पुढ्यात मावशी. गळ्यात फोटोचं कार्ड. घरच्या परसातली फुलं होती, लहान लहान.

मी म्हटलं, मावशी, याच्यात जीव नाही गं, कधीचा बंद आहे हा. कागद याच्यात नव्हताच, तो सर्व्हरमध्ये होता, असंही सांगणार होते.

"ठावं हाय," ती म्हणाली. "पन माजा कागुद यानं संबाळला. तू नाय संबाळलास."

मी तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि प्रिंटरच्या मागची बाजू पुसायला लागले. भिंतीच्या बाजूनं तिचा हात तिथं पोचला नव्हता.